अस्महानवरील आरोप

१९४४ सालच्या डिसेंबर महिन्यांत कैरो शहरीं 'गराम व इन्तिकाम', म्हणजे 'प्रेम आणि सूड', या नांवाचा एक बोलपट लागला. यूसुफ वहबी या नामांकित नटानें तो दिग्दर्शित केला होता व नायकाची भूमिकाही त्यानेंच केली होती. कथेची नायिका एक तरुण गायिका. तिच्या पतीचा खून होतो. ज्या संगीतकारावर तिचा संशय असतो त्याला प्रेमाच्या पाशांत ओढून सूड घ्यावयाचा असा बेत ती रचते आणि अखेर स्वतःच त्या पाशांत गुरफटते. गाणाऱ्या स्त्रीला गुन्ह्याच्या वाटेवर नेणारी अशी कथानकें कांहीं नवीं नव्हतीं. परंतु हा बोलपट लोकांनीं पाहिला तेव्हां नायिकेचें काम करणारी गायिका या जगांत नव्हती. पांच महिन्यांपूर्वींच तिची मोटार कालव्यांत पडून ती बुडाली होती. आणि चित्र पुरें करण्यासाठीं दिग्दर्शकानें कथेचा शेवट बदलून नायिकेलाही मोटारीच्या अपघातांतच मृत्यु आणिला होता.

त्या गायिकेचें नांव अस्महान. पडद्यावरची गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांची त्या दिवसापासून अशी सरमिसळ झाली आहे कीं, अरब जगांत आजही तिचें नांव निघालें कीं गाण्यापाठोपाठ हेरगिरी, पिस्तूल आणि घातपात या गोष्टी निघतातच. तिच्यावर पुस्तकें लिहिलीं गेलीं, २००८ सालीं दूरचित्रवाणीवर एक लांबलचक मालिका झाली. परंतु न्यायासनापुढें तिचा खटला कधींच चालला नाहीं. लोकांच्या जिभेवर मात्र तो गेलीं ऐंशी वर्षें चालूंच आहे.

आजच्या भाषणांत या खटल्याचे कागद आपण थोडे शांतपणें चाळूं. आरोप तीन आहेत. सरदारकुळांतील मुलीनें गाण्याचा धंदा पत्करून कुळाला काळिमा लावला, हा पहिला. महायुद्धांत तिनें पैसे घेऊन हेरगिरी केली, व तीही एका पक्षाशीं एकनिष्ठ न राहतां, हा दुसरा. तिसरा आरोप तिच्या मृत्यूवरून काढलेल्या अनुमानाचा आहे. तो असा कीं, तो अपघात नसून तिच्या कर्मांची तिला मिळालेली ती शिक्षा होती.

प्रथम तिच्या कुळाची ओळख करून घेतली पाहिजे. अस्महानचें मूळ नांव अमल अल्-अत्रश. तिचें जन्मवर्ष बहुधा १९१२ धरितात. सीरियाच्या दक्षिणेस काळ्या दगडांचा एक डोंगराळ मुलूख आहे. त्याला जबल-अद्-द्रूज, म्हणजे द्रूज लोकांचा डोंगर, असें म्हणत आले आहेत, आणि सुवैदा हें त्याचें मुख्य ठाणें. द्रूज हा अरबी बोलणारा पंथ. संख्येनें लहान, मोठा लढवय्या, आणि आपल्या धर्माचीं रहस्यें परक्यांपासून राखणारा. त्यांच्यांतील सरदारांचें घराणें तें अत्रशांचें. अमलचा बाप फहद हा तुर्की साम्राज्याच्या नोकरींत अधिकारी होता. आई आलिया ही लेबाननमधील द्रूज कुळांतली. तुर्कस्तानांतून कुटुंब परत निघालें असतां भर समुद्रांत जहाजावरच या मुलीचा जन्म झाला, अशी घरची आख्यायिका आहे.

पहिल्या महायुद्धानंतर तुर्कांचें राज्य गेलें आणि १९२० सालीं सीरियावर फ्रेंचांचा अंमल बसला. अत्रशांचें आणि त्यांचें लवकरच बिनसलें. १९२५ सालीं सुलतान पाशा अल्-अत्रश यानें डोंगरांत जें बंड उभारलें तें पाहतां पाहतां सीरियाभर पसरलें व सुमारें दोन वर्षें धुमसत राहिलें. त्या बंडाच्या अगोदरच, धामधुमीच्या दिवसांत, आलिया आपल्या फुआद, फरीद व अमल या तीन मुलांना घेऊन कैरोला निघून गेली. नवरा मागेंच राहिला. कैरोंत मुलांना फ्रेंच शाळेंत घालावयाचें तर अत्रश हें नांव सांगण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांचें आडनांव 'कूसा' असें लावण्यांत आलें. या शब्दाचा अर्थ कोवळा भोपळा! सरदारघराण्यांतील ही बाई परक्या शहरांत शिवणकाम करी आणि ऊद नांवाचें तंतुवाद्य वाजवून व गाऊन चार पैसे मिळवी. मुलांच्या कानांवर गाणें पडलें तें असें, पोटाच्या निमित्तानें. पुढें फरीद हा अरब जगांतील अत्यंत लोकप्रिय गायक, ऊदवादक व नट झाला. मुलीचा गळा ऐकून दाऊद हुस्नी या इजिप्शियन यहुदी संगीतकारानें तिला 'अस्महान' हें नांव दिलें. पंधरा-सोळा वर्षांच्या वयाच्या आंतबाहेरच तिच्या ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या.

आतां पहिल्या आरोपाकडे वळूं. त्या काळचें कैरो म्हणजे अरबी संगीताची राजधानी. तबकड्यांच्या कंपन्या, इमादुद्दीन रस्त्यावरील नाटकगृहें व गाण्याचीं दिवाणखानेवजा विश्रांतिगृहें, १९३२ ची अरबी संगीत परिषद, १९३४ मध्यें सुरू झालेली नभोवाणी, पाठोपाठ आलेले बोलपट, या सर्वांना आवाज हवे होते. बायकांचे आवाज तर विशेषच हवे होते. परंतु आवाज हवा म्हणजे आवाजाच्या धनिणीला मान होता असें मात्र नव्हे. गाणें सर्वांना आपल्या घरांत हवें, गाणारी मात्र कोणाच्याच घरांतली नको, ही वृत्ति आपल्या लोकांनाही अनोळखी नाहीं.

या वृत्तीशीं झगडण्याचा एक मार्ग उम् कुलसूमनें दाखविला. ती खेड्यांतील इमामाची मुलगी. लहानपणीं मुलाचा पोशाख घालून बापाबरोबर धार्मिक गीतें गात ती गांवोगांव फिरली. कैरोंत आल्यावरही बाप-भावांच्या पहाऱ्यांत राहून, बोलणें-चालणें तोलून, तिनें आपली प्रतिष्ठा विटेवर वीट ठेवावी तशी रचली. अस्महानला हें साधण्याजोगें नव्हतें. तिच्या पाठीशीं बाप नव्हता. थोरल्या फुआदला तिचें गाणें पसंत नव्हतें. आणि जें कूळ तिच्या पाठीशीं उभें राहावयाचें त्याला तर गाणें हेंच दूषण वाटत होतें. शिवाय तिचा स्वभाव काटकसरीचा नव्हता, ना पैशाच्या, ना सुखाच्या बाबतींत. मद्य, जुगार आणि उधळेपणा यांच्या हकीकती तिच्या स्नेह्यांनींच लिहून ठेविल्या आहेत. त्या सर्वस्वीं खोट्या मानण्याचें कारण नाहीं.

१९३३-३४ च्या सुमारास कुळानें आपला उपाय केला. जबलचा अमीर हसन अल्-अत्रश हा तिचा चुलतभाऊ. त्याच्याशीं तिचें लग्न झालें व कैरोची गायिका सुवैदाची अमीरीण झाली. कांहीं वर्षें तिनें गाणें सोडलें. तिला एक मुलगी झाली. परंतु सुवैदाच्या वाड्यांत तिचें मन रमलें नाहीं. १९३९ च्या सुमारास फारकत होऊन ती कैरोला परत आली, आणि तिच्या गळ्याचे खरे उमेदीचे दिवस या परतण्यानंतरचे आहेत. महंमद अल्-कसबगी यानें तिच्यासाठीं बांधलेल्या 'या तुयूर' या गीतांत पूर्वेकडील आलापी व पाश्चात्य धर्तीच्या उंच स्वरांतील ताना एकाच गळ्यांतून निघतात. १९४० सालच्या 'यौम सईद' या बोलपटांत अब्दुल वहाबबरोबर लैलेचा आवाज तिचा आहे. चेहरा मात्र दुसरीचा. १९४१ सालीं 'इन्तिसार-अश्-शबाब' या बोलपटांत ती भाऊ फरीद याच्यासह पडद्यावर आली. अहमद बद्रखान हा त्याचा दिग्दर्शक. त्याच्याशीं तिनें केलेलें लग्न फार दिवस टिकलें नाहीं.

कुळाला काळिमा लावल्याचा आरोप येथें थोडा तपासून पाहावा. ज्या कुळाला तिच्या गाण्याची लाज वाटत होती, त्याच कुळाचें नांव लवकरच तिच्या उपयोगी पडावयाचें होतें. खरें म्हणजे तिचें नांव इतरांच्या उपयोगी पडावयाचें होतें. दुसरा आरोप येथूनच सुरू होतो.

१९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला. सीरियांतील फ्रेंच अधिकारी जर्मनीशीं तह केलेल्या व्हिशी सरकारच्या बाजूस राहिले. १९४१ च्या मे महिन्यांत, इराकांतील इंग्रजविरोधी उठावाला मदत करण्यासाठीं, जर्मन विमानें सीरियाच्या विमानतळांवर उतरूं लागलीं. सुएझचा कालवा तेथून दूर नाहीं. इंग्रजांनीं व सेनापति द गोलच्या स्वतंत्र फ्रेंचांनीं सीरियांत सैन्य घालावयाचें ठरविलें. या सैन्याच्या वाटेवर द्रूजांचा डोंगर होता. हे लढवय्ये व्हिशीच्या बाजूनें उभे राहिले तर वाट बिकट होणार होती. तेव्हां त्यांच्या सरदारांशीं आधीं बोलणें लावणें जरूर होतें, आणि बोलणें लावण्यास असें माणूस हवें होतें कीं ज्याचें कूळ तेथलें व वास्तव्य कैरोंत.

असें माणूस म्हणजे अस्महान. इंग्रज अधिकाऱ्यांनीं तिला गांठलें. तिनें यरुशलेममार्गें जाऊन द्रूज सरदारांना निरोप द्यावयाचा होता कीं, दोस्तांचें सैन्य येत आहे, त्याला अडवूं नका. सीरियाला स्वातंत्र्य मिळेल. या कामासाठीं तिला पैसा देण्यांत आला. पुढें अमीर हसनशीं तिनें पुनः लग्न केलें, तें याच कामाच्या ओघांत. ८ जून १९४१ रोजीं सैन्य सीरियांत शिरलें व त्याच दिवशीं स्वतंत्र फ्रेंचांचा सेनापति कात्रू यानें सीरिया व लेबानन यांच्या स्वातंत्र्याचें वचन देणारीं पत्रकें विमानांतून टाकविलीं. या मोहिमेंत आपले हिंदी शिपाईही होते. दमास्कसच्या वेशीवरील मेझ्झे या ठिकाणीं पांचव्या हिंदी ब्रिगेडनें फार मोठी हानि सोसून झुंज दिली. दहावी हिंदी डिव्हिजन इराककडून येऊन ३ जुलै रोजीं देर-एझ-झोरमध्यें शिरली. अखेर १४ जुलै १९४१ रोजीं अक्का येथें तह झाला. अस्महानच्या शिष्टाईनें लढाईचा निकाल लागला असें म्हणणें ही अतिशयोक्ति होईल. परंतु निरोप पोंचविण्याचें काम तिनें केलें, व तें जिवावरचें होतें, येवढें खरें.

याला हेरगिरी म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण मग द्रोह कोणाचा झाला? द्रोह व्हावयास आधीं निष्ठेचें स्थान असावें लागतें. १९४१ सालीं सीरिया स्वतंत्र नव्हता. व्हिशीचें फ्रेंच सरकार हें त्या देशावर लादलेलें सरकार. फ्रेंचांनींच पूर्वीं तिच्या कुळावर तोफा डागल्या होत्या. इंग्रज हे तिला कामावर घेणारे परके धनी. स्वतंत्र फ्रेंच हेही फ्रेंचच. तिनें नेलेला निरोप मात्र स्वातंत्र्याचा होता, व त्यावर तिचा विश्वास बसला असेल तर त्यांत नवल नाहीं. तें वचन पुरें व्हावयास पुढें पांच वर्षें लागलीं; शेवटचा फ्रेंच शिपाई सीरियांतून १७ एप्रिल १९४६ रोजीं निघाला. अस्महान तोंवर जगली नाहीं.

आतां तिच्या विरुद्धची बाजूही सांगितली पाहिजे. काम झाल्यावर इंग्रजांचा हात आंखडला. तिचा खर्च तर अफाट. ती अस्वस्थ झाली आणि तुर्कस्तानकडे निघाली. तुर्कस्तान तटस्थ होतें व जर्मनांचे हेर तेथें उघड वावरत. सरहद्दीवर तिला अडवून परत आणण्यांत आलें. ती जर्मनांशीं सौदा करावयास निघाली होती असा तिच्यावर संशय आहे, आणि तो अगदीं निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. इंग्रजांचा प्रतिनिधि सेनापति स्पिअर्स यानें आपल्या आठवणींत तिच्याविषयीं लिहिलें आहे. तिच्या सौंदर्याचें कौतुक आणि तिच्या उधळेपणाची तक्रार दोन्ही त्यांत आहेत. तें पुस्तक १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचतांना माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला एक गोष्ट खटकते. पैसे देणाऱ्यानें केलें तें राजकारण ठरलें आणि घेणारीनें केलें तो गुन्हा. व्यवहार एकच, पुड्यांतील नाणींही तींच. परंतु एका टोकाला सेनापति होता आणि दुसऱ्या टोकाला एक गाणारी बाई होती.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. कांहीं काळ ती यरुशलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलांत राहिली. इजिप्तमध्यें परत शिरकाव मिळविणें कठीण झालें होतें. चरित्रकार म्हणतात कीं, याच अडचणींतून तिनें अहमद सालेम या इजिप्शियनाशीं लग्न केलें. हा कैरोच्या नभोवाणीवरील अगदीं पहिल्या निवेदकांपैकीं एक. पुढें चित्रपटव्यवसायांत शिरलेला. हें लग्नही कलहाचेंच झालें. १९४४ मध्यें एका भांडणांत पिस्तूल निघालें, पोलीस आले व गोळी सुटून सालेम स्वतः जखमी झाला. अशा घरांतून ती रोज 'गराम व इन्तिकाम'च्या चित्रणास जात होती. त्याच बोलपटांतील 'लयाली-अल्-उन्स' हें फरीदनें बांधलेलें गीत, ज्यांत व्हिएन्ना नगरींतील रात्रींचें वर्णन आहे, तें ऐकणाऱ्याला तिच्या मनःस्थितीचा मागमूसही लागत नाहीं. आवाज मोकळा, प्रसन्न आणि पुरा ताब्यांत आहे.

१४ जुलै १९४४ रोजीं, अक्काच्या तहाला बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, चित्रपटाच्या कामांतून थोडी सवड काढून ती एका मैत्रिणीसह रास-अल्-बर या समुद्रकांठच्या हवेच्या ठिकाणीं निघाली. मन्सूरा शहराजवळ तल्खा येथें मोटार रस्ता सोडून कालव्यांत गेली. दोघी स्त्रिया बुडाल्या. मोटार हांकणारा वांचला.

या शेवटच्या वाक्यानेंच तिसऱ्या आरोपाला जन्म दिला. हांकणारा वांचला तो कसा? एवढ्या एका प्रश्नावर तर्कांचे इमले उठले. कोणी म्हणतात इंग्रजांच्या हेरखात्यानें तिला मारविलें, कोणी म्हणतात जर्मनांनीं. कोणी पतीकडे बोट दाखवितात, कोणी कुळाच्या अब्रूकडे. उम् कुलसूमला स्पर्धक नको होती म्हणून तिनेंच हें घडविलें, असेंही बोलण्यास लोक कचरले नाहींत. यांपैकीं एकाही तर्काला पुरावा म्हणण्यासारखें कांहीं आजवर पुढें आलेलें नाहीं. तर्क अनेक आणि परस्परांना मारक. सगळे खरे असणें शक्य नाहीं, आणि एखादा खरा मानावा तर बाकीचे इतक्याच आवेशानें कां सांगितले जातात याचा उलगडा होत नाहीं. इतिहास शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, पुष्कळ लोक एक गोष्ट सांगतात यावरून ती पुष्कळांना आवडते येवढेंच सिद्ध होतें. कालव्यांच्या कांठचे अरुंद रस्ते, वेगाची मोटार, दारें उघडण्यापूर्वीं आंत शिरणारें पाणी, या कारणांनीं अप्रसिद्ध माणसेंही मरतात. त्यांच्या मृत्यूला कोणी शिक्षा म्हणत नाहीं.

लोकांना अपघात पटला नाहीं याचें कारण मला असें दिसतें कीं, तिचें आयुष्य त्यांनीं आधींच एक गुन्ह्याची कथा म्हणून वाचलें होतें, आणि गुन्ह्याच्या कथेचा शेवट अपघातानें व्हावा हें वाचकाला रुचत नाहीं. यूसुफ वहबीनें नायिकेला पडद्यावर मोटारीच्या अपघातांत मारिलें, तेव्हां त्याला अपुरें चित्र पुरें करावयाचें होतें. प्रेक्षकांनीं मात्र उलट दिशेनें वाचलें; त्यांनीं पडद्यावरच्या गायिकेचा सूड आणि कारस्थान खऱ्या गायिकेच्या पदरांत टाकलें.

याच बोलपटांत इजिप्तच्या राजघराण्याच्या स्तुतीचें तिचें एक गीत होतें. १९५२ सालीं राज्यक्रांति होऊन राजा फारूक गेला, आणि तें गीत चित्रांतून कापून टाकण्यांत आलें. जिवंतपणीं ज्यांनीं तिच्या नांवाचा उपयोग केला ते एक, आणि मेल्यावर जे तिच्या आवाजाला नकोसा समजले ते दुसरे. दोघांनाही तिच्या गाण्याशीं कर्तव्य नव्हतें.

श्रोतेहो, आतां तीन आरोपांचा निवाडा करावयाचा तर माझ्या अल्पमतीप्रमाणें तो असा. गाणें हा गुन्हा नव्हता, म्हणून पहिला आरोप आरोपच नव्हे. दुसऱ्या आरोपांतील कृत्यें बरीचशीं तिनें केलीं आहेत. परंतु त्यांतील निम्मा भाग तिला कामावर घेणाऱ्यांच्या खातीं मांडला पाहिजे, आणि तो अद्याप कोणीं मांडलेला नाहीं. उरलेल्या भागांत लोभ होता, भीति होती आणि बहुधा निराधारपणाही होता. तिसरा आरोप पुराव्याअभावीं टिकत नाहीं. बापाच्या छत्राविना वाढलेली, कुळाला नकोशी, तीन-तीन सरकारांना क्षणभर हवीशी, अशी ही बाई फार तर बत्तीस वर्षें जगली. दोन बोलपट आणि थोडीशीं गीतें एवढीच तिची कमाई.

ती कमाई शिल्लक आहे. फरीद १९७४ सालीं वारला तेव्हां त्याला कैरोंत बहिणीशेजारींच मूठमाती देण्यांत आली. इतर साक्षीदारही एकामागून एक निघून गेले. आपल्याला तिची एखादी ध्वनिमुद्रिका कधीं ऐकावयास मिळाली, तर हेराची म्हणून ती ऐकूं नये. शब्द कळले नाहींत तरी चालेल. त्या गळ्याला काय येत होतें तेवढें लक्ष देऊन ऐकावें, आणि मग तिच्याविषयींचें आपलें मत ठरवावें.